बिल्ड सर्व्हर बसवला, पण त्याच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही

प्रश्न
सदस्य: नवी_बांधणी

नमस्कार. आमच्या सहा जणांच्या गटासाठी मी गेल्या महिन्यात एक बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बांधून तपासणारे मशीन, उभा केला. त्याआधी ज्याने शेवटचा बदल केला असेल त्यानेच स्वतःच्या संगणकावर बिल्ड करून तयार झालेली फाइल पुढे पाठवायची, अशी आमची पद्धत होती, आणि त्या पद्धतीत कोणाचा ना कोणाचा बदल वारंवार मागे राहून जात असे. कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये आलेला प्रत्येक बदल लगेच बिल्ड करून तपासणे, हे आम्हाला मनापासून हवे आहे. म्हणूनच घाईने काहीतरी ठिगळ लावण्यापेक्षा येथे सविस्तर विचारत आहे.

सर्व्हर म्हणून ४ कोअर आणि ८ जीबी रॅम असलेले एकच मशीन मिळाले आहे. त्यावर उबुंटू आहे आणि जेन्किन्स, म्हणजे बिल्ड आपोआप चालवणारे साधन, त्याच्या अधिकृत पॅकेजमधून बसवले आहे. प्रकल्पाचा मागचा भाग (बॅकएंड) जावामध्ये असून तो ग्रेडल या साधनाने बांधला जातो. पुढचा भाग (फ्रंटएंड) नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसवर, चालतो. पहिल्या लॉगिनचा पासवर्ड शोधणे, सुचवलेले प्लगिन बसवणे आणि पहिला जॉब तयार करणे एवढे सगळे अर्ध्या तासात उरकले. खऱ्या अडचणी त्यानंतर सुरू झाल्या.

पहिली अडचण अशी, की तेच बिल्ड कधी पूर्ण होते आणि कधी मध्येच मरते. पुढच्या भागाच्या टप्प्यावर कधी १३७ हा एक्झिट कोड (कमांड संपताना परत करते तो आकडा) दिसतो, तर कधी ग्रेडलचा डेमन (मागे चालू राहणारी प्रोसेस) अचानक नाहीसा झाला अशा अर्थाचा संदेश येतो. सुरुवातीच्या दिवसांत १२७ हाही कोड येत असे आणि तेव्हा नोड नव्याने बसवल्यावर तो गेला, म्हणून १३७ साठीही मी नोड दोनदा काढून पुन्हा बसवले, पण काहीही फरक पडला नाही. दुसरी अडचण अशी, की मागच्या आठवड्यात सर्व जॉब रांगेत थांबून राहिले आणि जेन्किन्सचा नोड (येथे नोड म्हणजे जेन्किन्स ज्यावर बिल्ड चालवते ते मशीन) ऑफलाइन दिसू लागला. मी नेटवर्क तपासत बसलो, परंतु मशीन सुरूच होते. तिसरी अडचण अद्ययावत करण्याची आहे. नवी आवृत्ती चढवल्यावर सेवा सुरूच होईना, तेव्हा घाबरून मी जुनी आवृत्ती परत बसवली आणि तेव्हापासून हात लावलेला नाही.

या सगळ्याचा परिणाम असा झाला आहे, की बिल्ड लाल झाले की गटातील मंडळी कारण न पाहता ते पुन्हा चालवतात आणि हिरवे झाले की पुढे जातात. ही सवय मुरण्याआधी मला मांडणी दुरुस्त करायची आहे. कोठून सुरुवात करावी?

---

उत्तर १
सदस्य: रांगेतला_जॉब

आपण प्रश्न वेळेवर विचारला आहे. लाल निकाल पुन्हा चालवून हिरवा करून घेण्याची सवय एकदा लागली की सर्व्हर नसल्यासारखाच होतो. आपण वर्णन केलेल्या तीनही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत आणि तीनही सुटण्यासारख्या आहेत.

आधी कोडचा अर्थ पाहू, कारण १२७ आणि १३७ हे दिसायला जवळचे असले तरी त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. १२७ म्हणजे शेलला ती कमांडच सापडली नाही. १२६ म्हणजे फाइल सापडली, पण ती चालवता आली नाही. १२८ च्या वरचे आकडे साधारणपणे प्रोसेस एखाद्या सिग्नलने संपली असे सांगतात आणि त्यातून १२८ वजा केले की सिग्नलचा क्रमांक मिळतो. १३७ मधून १२८ गेले की ९ उरतात, आणि ९ क्रमांकाचा सिग्नल म्हणजे प्रोसेसला आवराआवर करण्याची संधीही न देता ठार करणे. १४३ आला असता तर तो १५ क्रमांकाचा, म्हणजे सभ्यपणे थांबण्याची विनंती करणारा सिग्नल ठरला असता. बिल्ड सर्व्हरवर कोणी मुद्दाम किल केलेले नसताना १३७ आला, तर बहुतेक वेळा लिनक्सच्या कर्नलने मेमरी संपल्यामुळे ती प्रोसेस मारलेली असते. आपल्या मशीनवर डीमेसेज ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवून पाहावी. ज्या मिनिटाला बिल्ड मेले त्याच मिनिटाची, मेमरी संपून अमुक प्रोसेस मारली अशी नोंद तेथे सापडेल. ग्रेडलचा डेमन नाहीसा होणे हेही त्याच दुखण्याचे दुसरे रूप आहे. तेथे कर्नलने डेमन मारलेला असतो आणि त्याला हाक मारणारी कमांड जिवंत राहून तक्रार करते, एवढाच फरक.

मेमरी कोठे जाते याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. जावाला हीपची, म्हणजे प्रोग्रॅमच्या वापराच्या मेमरीची, मर्यादा सांगितली नाही, तर जेव्हीएम (जावाचे प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) स्वतःसाठी मशीनच्या रॅमच्या एक चतुर्थांशापर्यंतची मर्यादा धरते. म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर जेन्किन्स एकटेच २ जीबीपर्यंत वाढू शकते. ग्रेडलच्या डेमनची मूळ मर्यादा ५१२ एमबी असते, परंतु बहुतेक प्रकल्पांत कोणीतरी कधीतरी ती प्रॉपर्टीज फाइलमध्ये २ किंवा ३ जीबी करून ठेवलेली असते. टेस्ट ज्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात त्या प्रत्येकीची मूळ मर्यादा पुन्हा ५१२ एमबी, आणि समांतर टेस्टची संख्या कोअरइतकी म्हणजे ४ ठेवली असेल तर तेथे आणखी २ जीबी. जेन्किन्स नव्याने बसवल्यावर एकाच वेळी दोन बिल्ड चालवण्याची मुभा देते, म्हणून जेन्किन्सचे २ जीबी सोडून बाकी सगळ्याची दुप्पट करावी. त्यात नोडची भर घातली की बेरीज ८ जीबीच्या कितीतरी पुढे जाते. दोघांनी एकाच वेळी कोड पुश केला की बिल्ड मरते आणि एकाचेच असले की वाचते. तेच बिल्ड कधी पूर्ण होते आणि कधी मरते, याचे कारण बहुधा हेच असावे.

यावर माझे मत स्पष्ट आहे: एका वेळी एकच बिल्ड. सहा जणांच्या गटाला रांगेत काही मिनिटे थांबणे परवडते, पण निकाल खोटा असणे परवडत नाही. जेन्किन्सच्या हीपला १ जीबीची मर्यादा घालावी. त्यासाठी पॅकेजसोबत आलेली सेवेची फाइल थेट न बदलता सिस्टिमसीटीएलच्या एडिट या उपकमांडने वरून जोडण्याची वेगळी फाइल तयार करावी, म्हणजे पुढचे अपडेट ती पुसून टाकणार नाही. समांतर टेस्ट २ वर आणाव्यात आणि डेमनची मर्यादा किती हवी हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावे.

आता मांडणीविषयी. जेन्किन्सच्या शब्दांत सांगायचे तर ज्या प्रोसेसमध्ये वेबपान, सेटिंग आणि गुपिते असतात ती कंट्रोलर, आणि ज्यावर बिल्ड चालते तो एजंट. नव्याने बसवलेल्या जेन्किन्समध्ये बिल्ड कंट्रोलरवरच, जेन्किन्सच्याच युजरच्या नावाने चालतात. त्यामुळे कोणत्याही बिल्ड स्क्रिप्टला कंट्रोलरच्या सर्व फाइली, साठवलेल्या पासवर्डांसकट, वाचता येतात. कंट्रोलरवरील एक्झिक्युटरची संख्या, म्हणजे त्यावर एका वेळी किती बिल्ड चालतील तो आकडा, शून्य करणे ही जेन्किन्सच्या प्रकल्पाचीही शिफारस आहे. आपल्याकडे मशीन एकच असले तरी हे करता येते. त्याच मशीनवर बिल्डसाठी वेगळा युजर तयार करावा, त्याला जेन्किन्सच्या होम फोल्डरमधील काहीही वाचता येत नाही याची परवानग्या पाहून खात्री करावी आणि कंट्रोलरने एसएसएचने त्याच मशीनला त्या युजरच्या नावाने जोडून त्याला एजंट मानावे. पुढे दुसरे मशीन मिळाले की फक्त पत्ता बदलायचा. जॉबमध्ये मात्र मशीनचे नाव न लिहिता लेबल लिहावे, म्हणजे त्या दिवशी जॉब बदलावे लागणार नाहीत.

या वेगळ्या युजरमुळे १२७ पुन्हा येईल, त्याची तयारी ठेवावी. एनव्हीएमसारख्या (नोड.जेएसच्या आवृत्त्या बसवणाऱ्या) साधनाने बसवलेला नोड त्या-त्या युजरच्या होममध्ये असतो आणि त्याचा पाथ (कमांड कोठे शोधायची ती जागा) बॅशआरसी फाइलमधील ओळींनी लागतो. बिल्डचा शेल संवादी नसल्यामुळे तो त्या ओळींपर्यंत पोहोचत नाही. म्हणून साधने एकतर सर्वांसाठी ठरावीक जागी बसवावीत आणि पाथ एजंटच्या सेटिंगमध्ये लिहावा, किंवा बिल्ड कंटेनरमध्ये, म्हणजे साधनांसकट वेगळ्या बंदिस्त वातावरणात, चालवून साधनांच्या आवृत्त्या इमेजमध्येच (कंटेनरच्या साच्यातच) बांधून टाकाव्यात. नोडची पॅकेजेस एनपीएमच्या इन्स्टॉलऐवजी सीआय या उपकमांडने बसवावीत. ती लॉक फाइलमध्ये लिहिलेल्या नेमक्या आवृत्त्याच बसवते आणि लॉक फाइल जुळत नसेल तर तेथेच थांबते.

डिस्क आणि अपडेट यांविषयी येथील जाणकार सांगतीलच, म्हणून थांबतो.

---

उत्तर २
सदस्य: खणखणीत_नाणे

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु आपल्या प्रश्नातील एका वाक्याने मला अधिक अस्वस्थ केले. आपण लाल निकालांवर अविश्वास दाखवत आहात आणि हिरव्यांवर विश्वास ठेवत आहात. हिरवे निकाल खरे आहेत हे आपण कसे तपासले? मी विचारतो, कारण ज्या गटात मी पूर्वी काम करत होतो तेथे आमचा सर्व्हर सलग अकरा दिवस हिरवा होता आणि त्या अकराही दिवशी टेस्ट नापास होत होत्या.

कारण एका ओळीत होते. लॉग नंतर पाहता यावा म्हणून मीच टेस्टच्या कमांडपुढे उभी रेघ देऊन तिचे आउटपुट टी या कमांडकडे पाइप केले होते, म्हणजे ते पडद्यावरही दिसेल आणि फाइलमध्येही जाईल. शेलच्या नियमानुसार पाइपने जोडलेल्या कमांडांचा एक्झिट कोड हा शेवटच्या कमांडचा असतो. टेस्ट नापास होऊन १ परत करत होत्या, टी आपले लिहिण्याचे काम नीट करून शून्य परत करत होती, आणि जेन्किन्सला फक्त ते शून्य दिसत होते. लॉगमध्ये नापास टेस्टची नावे स्पष्ट छापलेली होती, पण हिरव्या बिल्डचा लॉग कोण उघडून वाचतो?

यावरचा उपाय सर्वांना ठाऊक असतो: बॅशमध्ये सेट -ओ पाइपफेल ही ओळ लिहावी, म्हणजे मधली कमांड पडली तरी संपूर्ण ओळ पडते. पण याच उपायात दुसरा खड्डा आहे आणि मी त्यातही पडलो. जेन्किन्सचा शेल टप्पा स्क्रिप्ट चालवताना स्वतःहून दोन पर्याय लावतो. -एक्स मुळे प्रत्येक कमांड लॉगमध्ये छापली जाते आणि -ई मुळे पहिली कमांड पडताच स्क्रिप्ट थांबते. उबुंटूवर मूळ शेल डॅश असल्यामुळे बॅशची मागणी करण्यासाठी मी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शबँग, म्हणजे कोणता शेल वापरायचा ते सांगणारी खूण, लिहिला. शबँग असला की जेन्किन्स त्या ओळीलाच प्रमाण मानते आणि आपले पर्याय लावत नाही. म्हणजे पाइपची चूक दुरुस्त करताना मी नकळत -ई घालवून बसलो, आणि आता मधल्या ओळी पडल्या तरी स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालून हिरवी होत होती. म्हणून शबँगच्या लगेच खाली -ई, -यू आणि पाइपफेल हे तिन्ही एकत्र लावावेत. -यू मुळे न भरलेला व्हेरिएबल वापरला तर स्क्रिप्ट तेथेच थांबते. फोल्डर पुसण्याच्या कमांडमध्ये रिकामा व्हेरिएबल गेला तर काय होते, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो ते कधी विसरत नाही.

दुसरा आधार म्हणजे टेस्टचे निकाल एक्झिट कोडवर न सोडता जेयुनिट या टेस्टच्या साधनाच्या अहवालांतून वाचणे. जेन्किन्सचा जेयुनिट टप्पा पाइपलाइनच्या (बिल्डचे टप्पे लिहिलेल्या स्क्रिप्टच्या) पोस्ट भागात, नेहमी चालेल अशा ठिकाणी ठेवावा. नापास टेस्ट असतील तर तो बिल्ड पिवळे करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अहवालाची एकही फाइल सापडली नाही, तर तो बिल्ड पाडतो. रिकामे अहवाल चालतील असा पर्याय त्यात आहे, पण तो कृपा करून चालू करू नये. टेस्ट मुळीच न चालणे आणि सर्व टेस्ट उत्तीर्ण होणे यांत फरक करणारी तीच एक जागा आहे.

आणि हे सर्व झाल्यावर नाणे वाजवून घ्यावे. एक वेगळी ब्रँच काढावी, त्यात एक टेस्ट जाणूनबुजून मोडावी आणि बिल्ड लाल होते का ते पाहावे. मग कंपाइल न होणारी ओळ घालावी. मग टेस्टचा फोल्डरच हलवून पाहावा. तिन्ही वेळा लाल आले तरच त्या सर्व्हरच्या हिरव्याला अर्थ आहे. मी आता प्रत्येक नव्या पाइपलाइनवर हे करतो आणि पाइपलाइनचा शेल भाग बदलला की पुन्हा करतो.

जाता जाता गुपितांविषयी एक सूचना. पाइपलाइनमध्ये पासवर्डचा व्हेरिएबल वापरताना शेलची ओळ एकेरी अवतरणचिन्हांत लिहावी. दुहेरी अवतरणात लिहिली तर ग्रूव्ही (पाइपलाइन लिहिण्याची भाषा) ती किंमत आधीच ओळीत भरते आणि मग ती प्रोसेसच्या यादीतही उघडी पडू शकते. एकेरी अवतरणात व्हेरिएबलचे नाव तसेच शेलपर्यंत जाते आणि किंमत पर्यावरणातून घेतली जाते.

---

उत्तर ३
सदस्य: एलटीएस_वाला

नोड ऑफलाइन होण्याचे कारण बहुधा डिस्क आहे. एजंटवरील मोकळी जागा १ जीबीच्या खाली गेली की जेन्किन्स तो नोड आपणहून ऑफलाइन करते, आणि हे मूळ सेटिंगच आहे. नोडच्या पानावर कारण लिहिलेले असते, पण मुख्य पानावर फक्त ऑफलाइन एवढेच दिसत असल्यामुळे नेटवर्कचा संशय येणे स्वाभाविक आहे. प्रत्येक जॉबला जुनी बिल्ड टाकून देण्याची मर्यादा लावावी. लॉग थोडे जास्त दिवस आणि साठवलेल्या मोठ्या फाइली फक्त शेवटच्या काही बिल्डच्या ठेवाव्यात, कारण या दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या देता येतात. वर्कस्पेस (बिल्ड ज्यात चालते ते फोल्डर) आणि जुन्या कंटेनर इमेज यांची सफाई वेगळी करावी लागते, कारण जॉबची मर्यादा त्यांना लागू होत नाही. डीएफ कमांडला जागा मोकळी दिसूनही फाइल लिहिता येत नसेल, तर -आय लावून आयनोड (प्रत्येक फाइलमागे खर्च होणाऱ्या डिस्कवरील नोंदी) तपासावेत. नोडच्या पॅकेजांच्या लाखो बारीक फाइली बाइटच्या आधी आयनोड संपवू शकतात.

अपडेटनंतर सेवा सुरू न होण्याचे कारण जर्नलसीटीएल या सेवांच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये एका ओळीत मिळाले असते. माझा अंदाज जावाचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २.४७९.१ या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीपासून जेन्किन्सला जावा ११ चालत नाही. आपण आता जावा २१ बसवावे आणि एजंटवरही तेच बसवावे, कारण एजंटचा प्रोग्रॅमही जावाचाच आहे. जेन्किन्सची साप्ताहिक आवृत्ती घेऊ नये, एलटीएस घ्यावी. दर १२ आठवड्यांनी एलटीएसची नवी पायाभूत आवृत्ती निवडली जाते आणि त्या प्रत्येक टप्प्यासाठी काय बदलले याचे मार्गदर्शन प्रसिद्ध होते. एका वेळी एक टप्पा चढल्यास अपडेट हा भीतीचा विषय राहत नाही.

अपडेट न करता बसणे मात्र धोक्याचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका त्रुटीत जेन्किन्सच्या कमांड लाइनकडे ॲट चिन्हापुढे फाइलचा पाथ दिला की त्या फाइलचा मजकूर वाचता येत होता आणि लॉगिन नसलेल्यालाही काही ओळी मिळत होत्या. ही त्रुटी २.४४२ आणि एलटीएस २.४२६.३ मध्ये दुरुस्त झाली. आपण जुनी आवृत्ती परत बसवली आहे, ती यापेक्षा जुनी नाही ना, हे आजच पाहावे. शिवाय ८०८० हा पोर्ट थेट बाहेर उघडा ठेवू नये. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून एचटीटीपीएस लावावे आणि जेन्किन्सच्या सेटिंगमध्ये त्याचा बाहेरून दिसणारा पत्ता अचूक लिहावा, नाहीतर ईमेलमधील दुवे चुकीच्या ठिकाणी जातात.

---

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर
सदस्य: नवी_बांधणी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आठ दिवसांत जे केले ते लिहितो.

डीमेसेजमध्ये तशीच नोंद सापडली, नेमक्या त्याच मिनिटाची. ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ३ जीबी लिहिलेले होते आणि ते कोणी लिहिले हे गटात कोणालाच आठवत नव्हते. आता बिल्ड वेगळ्या युजरच्या एजंटवर, एका वेळी एकच चालते. डेमनला १.५ जीबी पुरते असे मोजून दिसले. गेल्या आठ दिवसांत १३७ एकदाही आलेला नाही.

टेस्ट मोडून पाहण्याची सूचना मी प्रथम औपचारिकता समजून केली. बिल्ड हिरवे आले. आमच्या स्क्रिप्टमध्येही टी होती. पाइपफेल लावल्यावर चार टेस्ट नापास असल्याचे कळले. त्यांतील तीन टाइमझोनच्या होत्या: सर्व्हर यूटीसीवर चालतो आणि टेस्ट लिहिणाऱ्याने स्थानिक वेळ गृहीत धरली होती, त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपासच्या तारखा एका दिवसाने सरकत होत्या. चौथी मात्र खरी चूक होती आणि ती सुधारण्यासाठी त्याच संध्याकाळी काम केले. त्या दिवसापासून लाल बिल्ड न वाचता पुन्हा चालवायचे नाही असे गटाने ठरवले आहे.

जावा २१ बसवून एलटीएस चढवली, ती पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. आता दोन प्रश्न उरले आहेत. बॅकअप नेमका कशाचा घ्यावा? आणि आमचा सर्व्हर बाहेरून पोहोचता येण्यासारखा नसल्यामुळे कोडच्या साठ्याकडून वेबहुक (बदल झाल्याची आपोआप येणारी सूचना) येऊ शकत नाही. म्हणून सर्व जॉब दर पाच मिनिटांनी साठा तपासतात, पण ते सर्व एकदम जागे होतात आणि मशीन क्षणभर अडखळते.

---

उत्तर ४
सदस्य: रांगेतला_जॉब

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण ते छोटे आहे. वेळापत्रकात मिनिटांच्या जागी तारका, तिरपी रेघ आणि ५ असे लिहिले असेल तर सर्व जॉब ०, ५, १० या मिनिटांनाच जागे होतात. तारकेच्या जागी इंग्रजीतील मोठा एच लिहावा. जेन्किन्स जॉबच्या नावावरून एक ठरावीक अंतर काढते, त्यामुळे एक जॉब २, ७, १२ व्या मिनिटाला जागा होतो आणि दुसरा ४, ९, १४ व्या. प्रत्येक जॉबचे अंतर कायम राहते, फक्त गर्दी पांगते.

बॅकअप जेन्किन्सच्या होम फोल्डरचा घ्यावा, पण सगळ्याचा नाही. वर्कस्पेस आणि कॅश वगळावेत. मुख्य कॉन्फिग फाइल, जॉब, युजर, नोड, प्लगिन आणि सीक्रेट्स ही फोल्डरे घ्यावीत. सीक्रेट्समधील मास्टर की मात्र वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या बॅकअपमध्ये ठेवावी. साठवलेले सर्व पासवर्ड शेवटी तिच्या आधारानेच उलगडतात, त्यामुळे ती इतर फाइलींसोबत राहिली तर बॅकअपची प्रत ज्याच्या हाती पडेल त्याला सर्व गुपिते मिळतात. उलट ती हरवली तर बाकी सर्व फाइली जागेवर असूनही एकही पासवर्ड उघडत नाही आणि सर्व नव्याने भरावे लागतात. पाइपलाइन जेन्किन्सफाइलच्या रूपात कोडसोबतच ठेवली असेल तर तिची काळजी करावी लागत नाही. सर्व्हरचे सेटिंगही कॉन्फिगरेशन ॲज कोड या प्लगिनने फाइलमध्ये लिहून कोडच्या साठ्यात ठेवता येते, आणि आपल्या आकाराच्या गटालाही ते करण्यासारखे आहे.

बॅकअप परत उभारून पाहिल्याशिवाय तो आहे असे धरू नये. त्यासाठी प्रत वेगळ्या पोर्टवर सुरू करावी, एखाद्या जॉबला साठवलेला पासवर्ड वापरता येतो का ते पाहावे. परंतु सुरू करण्याआधी त्या प्रतीचा बाहेरचा संपर्क तोडावा. तिच्यात वेळापत्रकासकट सर्व जॉब असतात आणि ती सुरू होताच ते जॉबही जागे होतात. आपला एखादा जॉब तयार फाइल पुढे पाठवत असेल, तर चाचणीची प्रत तीच फाइल दुसऱ्यांदा पाठवेल, तीही बॅकअप घेतला त्या दिवसाच्या कोडमधून.

---

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर
सदस्य: नवी_बांधणी

एच लावला, आता अडखळत नाही. बॅकअपची प्रत नेटवर्क तोडून वेगळ्या पोर्टवर सुरू केली. पहिल्यांदा पासवर्ड उघडले नाहीत, कारण वेगळी ठेवलेली मास्टर की परत आणून जागेवर ठेवताना तिची मालकी रूटकडेच राहिली होती आणि जेन्किन्सच्या युजरला ती वाचता येत नव्हती. मालकी बदलून पुन्हा सुरू केल्यावर सर्व उघडले. ही पायरी आमच्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहून ठेवली आहे आणि पुढच्या वेळी ती माझ्याऐवजी गटातील दुसऱ्या कोणीतरी, फक्त ती फाइल वाचून, करून पाहायची असे ठरले आहे.